मदत हवी आहे: लेकराची किडनी निकामी होत चालली आहे, आजार जनुकीय म्हणतात, पण रिपोर्ट कोरा आला

नमस्कार. मी उदगीरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. इथे पहिल्यांदाच लिहितेय, मागेपुढे काही झालं तर सांभाळून घ्या. जनुकीय तपासणीतलं ज्यांना कळतं किंवा या वाटेनं जे गेलेत, त्यांनी कृपया उत्तर द्यावं.

आधी काय झालं ते सांगते. लेकरू पाच-सहा वर्षांचं असल्यापासून पाणी फार प्यायचं. रात्री दोन-तीनदा उठून उशाचा तांब्या रिकामा करायचं. आमच्याकडे उन्हाळा टँकरवर निघतो. त्याचा जन्म २०१४चा. तो दोन वर्षांचा असताना लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात सारखं पाणी मागणारं लेकरू लगेच डोळ्यांवर येतं. "पोटात आड हाय का रं तुझ्या?" असं आत्या म्हणायच्या. (माझ्या सासूबाई माझ्या सख्ख्या आत्याच आहेत. हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध येतो.) सहाव्या वर्षी त्याचं अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं. तीळगूळ दिला, जंताचं औषध दिलं, दिवे लागणीनंतर पाणी बंद केलं. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही. एका रात्री तो मोरीत बसून बादलीतलं पाणी ओंजळीनं पीत होता आणि मी त्याला हाणलं. ते आठवलं की आजही झोप उडते.

डॉक्टरांना दाखवलं नाही असं नाही. साखर तपासली, ती ठीक आली. लघवीत प्रथिनं नाहीत, रक्त नाही, अंगावर सूज नाही, बीपी बरोबर. मग किडनीची शंका कुणाला येणार? पुढे उंची थांबली. प्रार्थनेला तो पाचवीतसुद्धा रांगेत सगळ्यात पुढे उभा राहायचा. रंग पांढरट पडला, रक्त कमी म्हणून वर्षभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, काही फरक नाही. गेल्या दिवाळीनंतर ताप आला, खेळता खेळता खाली बसला. तेव्हा रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.१ आणि क्रिएटिनीन (किडनी कमी पडली की रक्तात वाढतं ते) २.९. उंची १२२ सेंटिमीटर. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या जराशा लहान, नेहमीपेक्षा पांढऱ्या, आणि बाहेरचा थर कुठे संपतो नि आतला कुठे सुरू होतो ते ओळखू येत नाही, असं लिहून आलं. त्या सीमेवर दोन बारीक सिस्ट, म्हणजे पाण्याच्या गाठीही आहेत.

हैदराबादच्या बालकिडनीतज्ज्ञांनी फाइलवर "जुव्हेनाइल नेफ्रोनोफ्थायसिस" असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. हा सिलियाचा, म्हणजे पेशीवरच्या केसासारख्या बारीक धाग्यांचा आजार, जन्मतः आलेला, थांबवणारं औषध नाही, कधीतरी डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागणार, असं त्यांनी शांतपणे समजावलं. पाणी अजिबात तोडू नका म्हणाले. रक्त वाढायचं इंजेक्शन, सोडाबायकार्ब आणि कॅल्शियम सुरू आहे. जनुकीय तपासणी करा आणि डोळ्यांचा पडदा दाखवून घ्या, असंही सांगितलं.

शिक्षक पतसंस्थेतून उचल घेऊन एक्झोम तपासणी (जनुकांतला प्रथिनं बनवणारा भाग वाचतात ती) केली. सात आठवड्यांनी रिपोर्ट आला: "लक्षणांशी जुळणारा रोगकारक बदल आढळला नाही." घरात पेढे वाटायचेच बाकी होते. "बघ, आपल्या रक्तात खोट नाही," असं आत्या म्हणाल्या. आमच्या दोन्ही घरांत हा आजार कुणालाच नव्हता, असता तर आधी दिसला असता, हे त्यांचं म्हणणं. पण किडनी तर चाललीच आहे ना?

आता माझी अडचण. रिपोर्ट कोरा म्हणजे आजार जनुकीय नाही असं धरायचं का? डोळे कशासाठी दाखवायचे, त्याला दिसतं तर नीट. मुलीलाही अलीकडे तहान जास्त लागते असं मला वाटतं. खरंच लागते की माझ्या मनाचा खेळ आहे, तेच कळेना. तिची कोणती तपासणी करू? मी किडनी द्यायला तयार आहे, माझा भाऊही म्हणतो "भाच्यासाठी माझी घ्या". पण दोष आमच्याकडूनच गेला असेल तर आमची किडनी चालेल का? आणि शेवटचं, जे घरात बोलायची सोय नाही: माझ्या धाकट्या बहिणीचं माझ्या धाकट्या दिराशी ठरत आलंय. मामाचीच मुलगी करायची ही रीत. त्यांना काय सांगू?

प्रतिसाद: मांजराकाठ

ताई, मी जनुकीय प्रयोगशाळेत काम केलंय. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांचं तुमच्या तज्ज्ञांनाच विचारा. रिपोर्टबद्दल मात्र नक्की सांगू शकतो.

रिपोर्टचं शेवटचं पान उघडा. तिथे बारीक अक्षरांत तपासणीच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. मोठे तुकडे गळालेले असतील तर ते या पद्धतीत सुटू शकतात, अशा अर्थाचं वाक्य बहुतेक सापडेल. या आजाराची वीसहून जास्त जनुकं माहीत आहेत. त्यांतलं पहिलं, एनपीएचपी १, १९९७ साली सापडलं. दुसऱ्या गुणसूत्रावर असतं. साधारण पाचातल्या एका रुग्णात हेच जनुक कारण निघतं, आणि त्यांतल्या बहुतेकांत अक्षर चुकलेलं नसतं, अख्खं जनुकच दोन्ही प्रतींतून (एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून) गळालेलं असतं. एक्झोम वाचणारा अक्षरं तपासतो. सातबाऱ्यावर नावात काना-मात्रा चुकलाय का हे कुणी बघत बसावं आणि गटाचा उताराच फाइलीतून गेलेला असावा, तसं होतं. जिथे वाचायला काही नाही तिथे चूकही दिसत नाही.

म्हणून प्रयोगशाळेला लेखी विचारा: एनपीएचपी १ साठी सीएनव्ही विश्लेषण, म्हणजे तुकडा गळालाय की वाढलाय याची मोजणी, केलं होतं का? नसेल तर जुनाच डेटा पुन्हा बघता येतो, नवीन रक्त लागत नाही. खात्रीसाठी एमएलपीए किंवा मायक्रोॲरे या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या तपासण्या करतात. तरीही काही निघालं नाही तर आजार जनुकीय नाही असं मुळीच नाही. कितीतरी कुटुंबांत अजून जनुक सापडत नाही.

डोळ्यांचं कारण असं. किडनीच्या नळीतल्या पेशीवर केसासारखा एक सिलियम असतो. नळीतून काय वाहतंय याची खबर तो पेशीला देतो. त्याच्या बुडाशी दार असतं, आणि कोणतं प्रथिन आत सोडायचं हे दारावरची प्रथिनं ठरवतात, पाटाच्या दारावर पाटकरी असतो तशी. एनपीएचपी १ पासून बनणारं नेफ्रोसिस्टिन १ तिथलंच. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींतही असाच सिलियम असतो. त्यामुळे काही मुलांत किडनीबरोबर पडदाही खराब होतो, त्याला सीनियर-लोकेन म्हणतात. आयक्यूसीबी १ आणि सीईपी २९० या जनुकांत तर डोळ्यांकडे फारच लक्ष द्यावं लागतं. लहान मेंदूवर परिणाम असेल तर जुबेर सिंड्रोम, जास्तीची बोटं, लठ्ठपणा आणि पडद्याचा आजार असेल तर बार्डे-बीडल. सगळी एकाच भावकीतली.

आत्यांचं "आधी दिसलं असतं" हे या आजाराला लागू होत नाही. एक प्रत बिघडलेली माणसं, म्हणजे वाहक, ठणठणीत असतात. दोन वाहक एकत्र आले तरच प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. पिढ्यान्‌पिढ्या ते झाकलेलं राहतं. नात्यातल्या लग्नानं दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण या जनुकाच्या दोन्ही बाजूंना सारखेच लांब तुकडे आहेत, ते कधी चुकून एकमेकांशी जुळतात, त्यामुळे मधलं जनुक गळण्याचा प्रकार अजिबात नातं नसलेल्या घरांतही होतो. तुम्ही दोघांनी कुणाचं काही वाईट केलेलं नाही.

बहीण आणि दीर यांच्यासाठी: आधी भाच्यातला बदल सापडू द्या. सापडला की तेवढी एकच तपासणी दोघांची करता येते. दोघांतला एक जरी वाहक नसला तरी त्यांच्या मुलांना हा आजार होणार नाही. लग्नाआधी करा, तारीख काढल्यावर नको.

तुम्हाला हैदराबाद जवळ आहे. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात तिथलं निम्स रुग्णालय आणि सीडीएफडी ही जनुकीय संस्था मिळून उत्कृष्टता केंद्र आहे, मुंबईत केईएम रुग्णालय आहे. तिथे जनुकीय समुपदेशनासाठी जा.

प्रतिसाद: गोदाकाठची माय

बाई, तुझ्या मोरीतल्या ओंजळीनं रडवलं मला. माझी लेक याच आजाराची, परभणीची आहे मी. मीही तिचं पाणी तोडलं होतं. आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं गं.

किडनी मी दिली, चार वर्षं झाली. आई-बाप वाहक असले तरी एक प्रत चांगली असते, त्यामुळे आपली किडनी चालते, बाकी सगळ्या तपासण्या मात्र कडक होतात. हा आजार नवीन किडनीत परत येत नाही, एवढं मनाशी घट्ट धर. भावंडाची किडनी घ्यायची झाली तर त्याला स्वतःला आजार नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. मामाचं सांगते, कारण आम्ही तिथेच अडकलो होतो: १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे आई-वडील, आजी-आजोबा, भावंडं, मुलं, नातवंडं आणि नवरा-बायको. मामा त्यात बसत नाही. त्याला अशा दात्यांना परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जावं लागतं. देता येत नाही असं नाही, कागद वाढतात. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालायचं असेल तर आपल्या भागाची अवयव वाटपाची समिती छत्रपती संभाजीनगरला आहे. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं.

मुलीला आधी साधंच बघा. सकाळची पहिली लघवी, क्रिएटिनीन, हिमोग्लोबिन, बीपी, सोनोग्राफी. जनुकाची तपासणी कधी करायची ते समुपदेशकाला विचारून ठरव. तोवर ती पाणी मागेल तेव्हा दे.

धागाकर्तीकडून, अडीच महिन्यांनी

उशिरा लिहितेय, माफ करा. मांजराकाठ, तुमचं वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये लिहून पाठवलं. शेवटच्या पानावर ती मर्यादा खरंच छापलेली होती. प्रयोगशाळेनं जुना डेटा पुन्हा बघितला, पैसे घेतले नाहीत. एनपीएचपी १ दोन्ही प्रतींतून पूर्ण गळालेलं निघालं. एमएलपीएनं खात्री झाली, आणि आम्ही दोघंही वाहक आहोत. फाइलवरचं प्रश्नचिन्ह डॉक्टरांनी माझ्यासमोर खोडलं. वाईट बातमी ऐकून हायसं वाटलं, हे कुणाला सांगू तेच कळत नव्हतं. इथे सांगते.

डोळ्यांचा पडदा आज ठीक आहे, दर वर्षी दाखवायला सांगितलंय. मुलीच्या साध्या तपासण्या सगळ्या बरोबर आल्या. तिच्या जनुकाचं समुपदेशकांशी बोलणं झालं. सहा महिन्यांनी पुन्हा साध्या तपासण्या करून मग ठरवू.

आत्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःहून म्हणाल्या, "त्या दोघांचं रगत कधी द्यायचं?" बहिणीनं आणि दिरानं गेल्या सोमवारी दिलंय, रिपोर्ट यायचाय. बोलणी तोवर थांबवली आहेत.

क्रिएटिनीन आता ३.४ आहे. माझी दात्याची तपासणी सुरू झाली, रक्तगट जुळतो. गोदाकाठच्या ताई, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. ऑपरेशननंतर तुम्हाला घागर-हंडा किती दिवसांनी उचलता आला? आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो, पाणी मलाच भरावं लागतं. आणि लेकीला पुन्हा शाळेत कधी पाठवलंत?