चिरेबंदी घराची पडवी काचेने बंद करायची आहे

गुहागरला समुद्र 300 मीटरवर. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. फ्रेम कशाची घ्यावी?

> पावडर कोटेड अ‍ॅल्युमिनियम चालेल. स्क्रू मात्र 316 ग्रेडच्या स्टेनलेसचेच, खाली नायलॉन वॉशर. 304 ग्रेडवर खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात, आणि साधा लोखंडी स्क्रू तर गंजतोच, वर अ‍ॅल्युमिनियमही खातो.

> जांभ्यात फास्टनर ठोकू नका, दगडाचा भुगा होतो. भोकातली धूळ ब्रशने पूर्ण काढा, जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात घट्ट होऊन बोल्ट धरणारी राळ) भरा. फ्रेम वाशांना टेकवू नका, पावसात लाकूड फुगलं की काच तडकते. 10 मिमी फट ठेवून न्यूट्रल (आंबट वास न येणारं) सिलिकॉन भरा.

> स्लायडिंग टाळा हो! पश्चिमेच्या झडीत ट्रॅक भरून पाणी आत येतं. बाहेर उघडणारी झडपं, उंबऱ्याला बाहेर उतार. कौलांखाली हवा खेळायला जाळी ठेवा, नाहीतर बुरशी ठरलेली.