'स्पॉयलर'ला मराठीत काय म्हणाल?

काजवा: आम्ही काही मित्रमंडळी बघितलेल्या सिनेमांवर चार-चार ओळी लिहून एकमेकांना पाठवतो. समीक्षा वगैरे नाही, आपलं 'मस्त आहे, मध्यंतरानंतर जरा ताणलाय' इतपत. परवा एकाने लिहिलं, 'मोठा भाऊच खुनी निघतो, पण कॅमेरा काय फिरवलाय!' मी त्याच रात्री तो बघणार होते. आता ठरलंय की असं काही लिहायचं तर वर इशारा द्यायचा. मी 'रसभंगाचा इशारा' लिहिलं तर दोघं हसले. एकाने विचारलं, 'मैफल कुणाची आहे?' चपखल शब्द सुचवा.

आजोळ: रसभंग उत्तम आहे. हसणाऱ्यांना हसू द्या.

तिरपागडा: माझा विरोध. नवव्या शतकातला आनंदवर्धन 'ध्वन्यालोका'त सांगून गेलाय की अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरं कारणच नाही. रामाचं पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच पाठ असायचं, तरी तो नाटकाला बसायचाच. भर प्रसंगात शेजारच्याचा मोबाइल वाजला तर तो रसभंग. खुनी आधी कळला तर फार तर उत्सुकताभंग.

आजोळ: अहो, शब्द नवव्या शतकात थांबलेत का? 'उत्सुकताभंग' म्हणेपर्यंत सिनेमा संपेल.

चकवा: आमच्या घरी सरळ 'फोडू नकोस' म्हणतात. पेपर फुटतो, बातमी फुटते, बिंग फुटतं, तसा सिनेमाही फुटतो. नाम करायला गेलं की मात्र पंचाईत. 'फोड' म्हणावं तर हातावर येतो आणि 'फोडाफोडी' म्हटलं की आमदार आठवतात.

काजवा: घरफोडीच्या चालीवर 'गोष्टफोडी'? मला आवडतोय.

शुद्धमती: 'गौप्यस्फोट' हा तयार शब्द असताना ही फोडाफोडी कशाला? बोलपट, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात. तेव्हाही लोक हसलेच असणार. आज 'दिग्दर्शक' म्हणताना कुणी हसतं का?

तिरपागडा: दिग्दर्शक टिकला हे मान्य. पण बोलपट कुठाय? १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला तेव्हा पडद्यावरची माणसं मराठी बोलतात हीच नवलाई होती, म्हणून तो शब्द चालला. पुढे सगळेच बोलायला लागल्यावर त्यातला 'बोल' फुकट गेला. आणि गौप्यस्फोट करायला मंत्री लागतो हो, खुनी भाऊ पुरत नाही.

चकवा: खरं सांगू का, काजवाताई, तो सिनेमा मीही बघितलाय बहुतेक. त्या डबा पिक्चरमध्ये फोडण्यासारखं होतं तरी काय?

रिळवाला: 'डबा' जपून वापरा! माझे काका थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. त्यांच्या तोंडी सिनेमा 'पडला' म्हणजे चालला नाही आणि 'डब्यात गेला' म्हणजे तयार होऊन प्रदर्शितच झाला नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. रीळ ठेवायचा तो पत्र्याचा चपटा, गोल डबा. ३५ मिलिमीटरचं १००० फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींनी जेमतेम ११ मिनिटं चालतं. संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. तो दिसला की काका दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायचे, पुढचा ठिपका आला की पडदा त्या यंत्राच्या हवाली. मी अजून जुना सिनेमा बघताना गोष्ट सोडून तो कोपराच बघतो. असो. तर डबा आला तो तिथून.

चकवा: काका थोर, व्युत्पत्ती पटली नाही. खटारा गाडीलाही आपण डबा म्हणतो, जुन्या फोनलाही. त्यांच्यात कुठलं रीळ? रिकामा डबा नुसता वाजतो, म्हणून डबा.

रिळवाला: मग 'डब्बा गोल'चं काय? रिळाचा डबाच गोल असतो.

तिरपागडा: मी लहानपणापासून 'डब्बा गुल' ऐकलंय. बत्ती गुल, तसा डब्बा गुल.

शुद्धमती: दोन्ही ग्राम्य.

रिळवाला: ग्राम्य म्हणजे गावात बोलतात ते. मग बरोबरच की.

आजोळ: चर्चा रसभंगावर होती.

तिरपागडा: आणि तिचा झालाय तो खरा रसभंग. अनौचित्यामुळे.

काजवा: तुमचं चालू द्या. त्याच मित्राने काल नवीन सिनेमावर लिहिलं आणि वर नुसतं टाकलं, 'खाली फुटलंय.' सगळ्यांना कळलं, कुणीही पुढे वाचलं नाही.

शुद्धमती: 'फुटलंय' कसं? सिनेमा पुल्लिंगी आहे. 'फुटलाय' हवं.

चकवा: आमच्याकडे 'ते पिक्चर' म्हणतात.