खरखरीत शिकवायला साडेतीन हजारांची पेटी?

मंगळवारपेठकर:
काल इथं एका ताईंची पोस्ट वाचली. हल्लीच्या पोरांकडं शब्दच न्हाईत, सगळं एकतर "छान" न्हाईतर "घाण", म्हणून त्यांनी तीन वर्षांच्या पोरीला साडेतीन हजारांची सेन्सरी पेटी आणली, सॅंडपेपरच्या पाट्या, कापडाचे तुकडे, वासाच्या बाटल्या. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलंय, "घरातल्या वस्तूंनी हे होत नाही." त्या वाक्यानं डोकं फिरलं म्हणून एवढं लिहायलोय.
माझी पोरगी चार वर्षांची. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यासमोर म्हशीची धार काढतात, तो पेला हातात दिला तर म्हणाली, पप्पा, तापवलंय व्हय? मी म्हटलं न्हाई बाळा, हे धारोष्ण. एकदाच सांगितला, अजून विसरली न्हाई. कुठल्या बाटलीत मिळणार हा शब्द? चप्पल लाईनीतनं नवी चप्पल घेतली, आधी करकर वाजली, मग चावली, मग तेल पाजून मऊ केली. एका चपलेत एवढं. गुऱ्हाळावर न्या, काकवी पातळ, पाक चिकट, गूळ रवाळ. पैसे तुमचे, खर्च करा, पण पेटी न्हाई त्या घरातली पोरं मुकी राहतात असं सुचवू नका.

ओवीची आई:
ती पोस्ट माझीच. गरिबांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही, ते तुम्ही घातलंत. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो, दोघंही नोकरीला, सासूबाई गावी. गुऱ्हाळ वर्षातून एकदा दिसलं तर दिसलं. संध्याकाळी मला 20 मिनिटं मिळतात, त्यात मी तिच्यासोबत जमिनीवर बसते. ते तुम्हाला फॅशन वाटत असेल तर वाटू दे.

निवृत्त बालवाडी बाई:
28 वर्षं मॉन्टेसरी वर्ग घेतलाय म्हणून बोलते. दादा, मंडईत नेलं तर पोर एका वेळी पन्नास गोष्टी बघतं. वांगं जांभळं, चकचकीत, गुळगुळीत, देठाला काटे. तुम्ही म्हणालात "गुळगुळीत", तर त्यानं काय धरायचं, रंग की स्पर्श? म्हणून साधनात एकच गुण बदलतात. गुलाबी मनोऱ्याचे 10 ठोकळे, 1 सेंटीमीटरपासून 10 पर्यंत, रंग तोच, लाकूड तेच, फरक फक्त आकारमानाचा. मग तीन पायऱ्या. "हे खरखरीत, हे गुळगुळीत." मग "खरखरीत कुठलं, दे बघू." आणि शेवटी "हे कसं आहे?" ही पद्धत मुळात फ्रेंच डॉक्टर सेगँ यांची, मॉन्टेसरीबाईंनी ती उचलली. माझ्या वर्गात एक मुलगा पांढरं दिसलं की "मऊ" म्हणायचा, खडूसुद्धा मऊ. घरी आईनं कापूस हातात देऊन मऊ शिकवलेलं.

मंगळवारपेठकर:
मग आईनं कापसासोबत भाकरीचा पापुद्रा, मांजराची पाठ, लोणी हे पण द्यायला हवं होतं. त्यात पेटी कुठं आली? आणि बाई, ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानंच घेतली की.

निवृत्त बालवाडी बाई:
घेतली, पण रचून घेतली. शिंपले नुसते ओतून ठेवले नाहीत. तेवढं वाचा आणि मग ताराबाईंचं नाव घ्या.

अंगणवाडी ताई:
तुम्ही पेटीवर भांडा. आमच्याकडं साहित्य आलं ते कपाटात कुलपात, तुटलं तर भरून कोण देणार. दिवसभर मोबाईलवर वजनं भरा, उंची भरा, फोटो टाका, पोरांजवळ बसायचं कधी? तरी मी कोंडा, वाळू, शाडू, चिंचोके आणते. पाण्याची भांडी ठेवते, गार, कोमट, सोसंल एवढं ऊन. "कढत" तेवढा तोंडीच सांगते.

तालमीतला:
एक चूक सगळेच करायलाय. सॅंडपेपर खडबडीत असतो, खरखरीत न्हवे.

ओवीची आई:
खडबडीत रस्ता असतो. सॅंडपेपर खरखरीतच.

तालमीतला:
आमच्यात खडबडीतच म्हणत्यात. पुण्याची भाषा इथं नको.

ओवीची आई:
माझा जन्म शाहूपुरीतला आहे. पुणं कुठनं काढलंत?

निवृत्त बालवाडी बाई:
उंचसखल असतं ते खडबडीत, ते डोळ्यालाही दिसतं. बारीक कणांनी बोटाला घासतं ते खरखरीत. कष्टानं जाड झालेला हात राठ. ह्या तिन्हींना इंग्रजी शाळेत एकच "रफ" शिकवतात. माझी खरी तक्रार ती आहे.

ओवीची आई:
खरंय ते. मी भेंडी चिरताना पोरगी "बुळबुळीत" म्हणाली म्हणून मी एवढी हरखले, आणि प्लेग्रुपच्या मॅडमनी सांगितलं, घरी "स्लायमी" म्हणायची सवय लावा. त्या रात्री झोप आली नाही. पेटी त्यानंतर मागवली, पाट्यांमागं सगळीकडं मराठी शब्द चिकटवले.

मंगळवारपेठकर:
हे आधी लिहिलं असतं तर मी एवढा तापलो नसतो.

ओवीची आई:
तुम्ही विचारलं असतं तर लिहिलं असतं. "घरातल्या वस्तूंनी होत नाही" हे चुकीचं होतं, मान्य. "माझ्या घरातल्या" म्हणायला हवं होतं. पण माझी 20 मिनिटं मी सोडणार नाही.

तालमीतला:
आईला विचारलं. ती म्हणाली सॅंडपेपर खरबरीत. म्हणजे दोघंबी चुकलो.

अंगणवाडी ताई:
खरबरीत आमच्या गावाकडं पण म्हणतात, वाळल्या पाल्याला.

मंगळवारपेठकर:
ओवीच्या आई, आज्जीचं जुनं घोंगडं फाटलंय, धनगरी लोकरीचं आहे. वीतभर तुकडा तुमच्या पेटीला देतो, अंगणवाडीला पण देतो. फक्त त्यावर खरखरीत लिहू नका. आज्जी म्हणते ते राठ.

निवृत्त बालवाडी बाई:
दोन तुकडे सारख्या मापाचे कापा आणि दुसरा त्याच रंगाचा मऊ शालीचा घ्या. नाहीतर पोर पुन्हा काळ्यालाच राठ म्हणेल.