२०२०मध्ये थांबलेला माणूस २०२४मध्ये का गेला?

रामबागवाला:
रविवारी पोह्याच्या ठेल्यावर सुरू झालेला वाद तिथे मिटला नाही, म्हणून इथे आणतोय. विषय: एक नंबरचे माजी आमदार संजय शुक्ला. (बाहेरच्यांसाठी: इंदूरात मतदारसंघांना नावं नसतात, नंबर असतात.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वडील विष्णुप्रसाद शुक्ला, म्हणजे 'बडे भैया', भाजपचे जुने नेते. मुलगा काँग्रेसमध्ये. घरचा व्यवसाय मोठा. २०१८ला भाजपच्या सुदर्शन गुप्तांना हरवून विधानसभेत गेले, तेव्हा शपथपत्रातली मालमत्ता १३९ कोटींची होती. त्या विधानसभेतल्या सगळ्यात श्रीमंत आमदारांत तिसरा नंबर. २०२२ला महापौरपदासाठी उभे राहिले आणि भाजपच्या पुष्यमित्र भार्गवांकडून हरले. २०२३ला समोर भाजपचे कैलाश विजयवर्गीय आले आणि ५७,९३९ मतांनी पराभव झाला. निकालाला शंभर दिवसही झाले नव्हते, तोच मार्च २०२४मध्ये काँग्रेसचे जुने नेते सुरेश पचौरींच्या सोबतीने भाजपमध्ये दाखल.

माझं मत सरळ आहे. व्यापारी माणूस आमदार झाला की पक्षाकडे भाड्याच्या गाळ्यासारखा बघतो. गिऱ्हाईक तुटलं की गाळा बदलायचा. एक लाखावर लोकांनी त्यांना भाजपच्या विरोधात मत दिलं होतं, त्यांना विचारलं का कुणी?

सराफ्यातला_भिया:
भिया, अर्धीच गोष्ट सांगितलीस. मार्च २०२० आठव. ज्योतिरादित्य शिंद्यांच्या मागे काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ सरकार पडलं. आपल्याच जिल्ह्यातल्या सांवेरचे तुलसी सिलावट त्यात होते. शुक्ला नव्हते. तेव्हा जाणं सगळ्यात सोयीचं होतं. वडील भाजपचे, चुलतभाऊ गोलू शुक्ला भाजपचे (ते २०२३ला तीन नंबरमधून आमदार झालेच). तरी हा गडी थांबला. पैसेवाला होता म्हणूनच थांबू शकला, असं मी म्हणतो. १३९ कोटीवाल्याला कोण काय देऊन फोडणार?

आणि २०२४ला ते आमदार नव्हतेच. कुणाची दिलेली जागा घेऊन पळाले नाहीत. पक्षांतरबंदीचा कायदासुद्धा निवडून आलेल्याला लागतो, हरलेल्याला नाही.

रामबागवाला:
कायद्याला लागत नाही म्हणजे लाजेलाही लागत नाही का? पण २०२०चा मुद्दा मान्य. तो मी विसरलो नव्हतो, टाळला होता.

सुदामानगरची_ताई:
आम्ही चार नंबरवाले, आमचा यात काही संबंध नाही, तरी सांगते. माझी मावशी बाणगंगेला राहते. आमदार असताना शुक्ला वॉर्डावॉर्डातल्या लोकांना रेल्वेने अयोध्येला नेत होते, तशी तीही जाऊन आली. आल्यावर आठवडाभर तेच. जेवण कसं चोख, म्हाताऱ्यांना हात धरून कसं उतरवलं, दर्शन कसं झालं. मी २०२३ला विचारलं, "मग मत?" तर म्हणाली, "अगं, रामाकडे नेलं त्याला आशीर्वाद दिला. मत कमळाला, ते नेहमीचंच."

म्हणजे पैशाने मत मिळतं हा समज एका बाजूने तरी खोटा. काँग्रेसचा आमदार अयोध्येची गाडी सोडतो आणि मतं दुसऱ्याला जातात. राजकारण म्हणून बघितलं तर मला त्यांची जरा कीवच आली. विजयवर्गीय तर उमेदवारी मिळाल्यावर उघड म्हणाले होते, मला लढायची इच्छाच नव्हती.

निवृत्त_लेखापाल:
ताईंच्या मावशींची गाडी हिशोबात कुठे बसते, ते बघू. २०२३ला विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख होती, २०१८ला २८ लाख. पण हा खर्च मोजतात अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा. त्याआधी दोन वर्षं कुणाला अयोध्या दाखवा, कथा घाला, भंडारे करा, त्याचा एक पैसा या ४० लाखांत येत नाही. पक्ष प्रचारावर करतो तो सर्वसाधारण खर्चही उमेदवाराच्या नावावर पडत नाही. मर्यादा तेवढ्या दिवसांपुरती. मग ज्याच्याकडे पाच वर्षं खर्च करायला आहे तो आणि ज्याच्याकडे नाही तो, यांची शर्यत कसली?

दुसरं, 'व्यापारी आमदार झाला की धंदा करतो' असं मोघम म्हणू नये. शुक्लांबद्दल नाही, एकूणच सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९अ प्रमाणे राज्य सरकारशी स्वतःच्या धंद्यातलं माल पुरवण्याचं किंवा कामाचं कंत्राट चालू असेल तर आमदारकीला अपात्र. पण काम पुरं झालंय आणि फक्त सरकारकडून पैसे यायचे आहेत, तर ते कंत्राट चालू धरत नाहीत. चाळीस वर्षं खाती तपासल्यावर अशा 'पण'वर माझी नजर आधी जाते.

सराफ्यातला_भिया:
काका, मग गरिबाने लढूच नये? रतलाम जिल्हा बघा. २०२३ला रतलाम शहरातून चेतन्य काश्यप, २९६ कोटी, राज्यातले सगळ्यात श्रीमंत आमदार. शेजारच्या सैलान्यातून कमलेश्वर डोडियार, १८ लाख, सगळ्यात कमी. मजुराघरचा पोरगा, मोटरसायकलवर भोपाळला गेला. एकाच जिल्ह्यात दोन्ही निवडून आले.

निवृत्त_लेखापाल:
२३० आमदारांमधून एक डोडियार काढून दाखवलात. बाकीच्यांची यादी काढा, मग बोलू.

रामबागवाला:
आणि इंदूरात लोकसभेला काय झालं? शुक्ला मार्चमध्ये गेले, २९ एप्रिलला काँग्रेसचे उमेदवार अक्षय बम यांनी अर्जच मागे घेतला आणि तेही भाजपमध्ये. तेही कॉलेजं चालवणारे, पैसेवाले. 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली, दुसरा नंबर नोटाचा! त्यातलं एक माझं. आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबताना हात थरथरला.

सुदामानगरची_ताई:
बम यांचं वेगळं हो. ते मैदानातून पळाले, शुक्ला दोनदा हरून मग गेले. दोघांना एका पारड्यात घालणं मला पटत नाही. आधी लढले, हे तरी त्यांच्या खात्यात जमा धरा.

निवृत्त_लेखापाल:
धरलं. पण धागाकर्त्यांनी 'गाळा' म्हणण्याआधी एक करावं. निवडणूक आयोगाच्या साइटवर मतदारसंघ क्रमांक २०४, इंदूर-१, इथे शपथपत्र मिळेल. हल्लीच्या नमुन्यात सरकारी कंत्राटांचा वेगळा रकाना असतो. आधी तो वाचा.

रामबागवाला:
बरं काका. रात्री बघतो. तोवर 'गाळा' मागे, 'लाज' कायम.

सुदामानगरची_ताई:
मावशीला हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. तिने एकच विचारलं: "काशीला कोण नेतंय का?"