चौघांचे दम चार तऱ्हेचे, मातीतली एकच सकाळ : गोव्यात कुठे जावं?

म्हापसेकरीण

नमस्कार मंडळी. मी मूळची कोल्हापूरची, चार वर्षं म्हापशात राहते. गेल्या वर्षी हौसेने ग्रॅव्हल बाईक घेतली, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची सायकल, ४० मिलिमीटरची टायर वगैरे, आणि आजवर ती डांबरावरच फिरवली. आमच्या बाजूला कच्चा रस्ता सापडला की पुढच्या खेपेला तिथे कुणाच्या तरी बंगल्याचं गेट उभं असतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून भाऊ येतोय. तो २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, करणारा, घाम निघाला नाही तर दिवसभर तोंड वाकडं. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेत. सपाटीवर बरा चालवतो, चढ आला की उतरतो. मुलगा अकरा वर्षांचा, २४ इंची चाकं, गिअर बदलण्यातच निम्मा जीव. आणि मी, कुठेतरी मधे. चौघांनी मिळून एक सकाळ मातीत घालवायची आहे. कुणी खाणींचे रस्ते सुचवतं, कुणी मोलेचं अभयारण्य. तुम्ही काय म्हणाल?

चोडणकार मास्तर

बाय, खाणी आणि मोले दोन्ही तूर्त विसर. मी चोडणचा. छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं सायकल फेरीबोटीत घालून रायबंदरला उतरलो. ग्रॅव्हल बाईक हा शब्द मुलाने ती घरी आणली तेव्हा ऐकला. त्याची किंमत ऐकून बायकोने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणली मुलाने तरी.

दम वेगवेगळे असले की लोक आधी किलोमीटर विचारतात. मी विचारीन, मागे कुठून फिरता येतं? डोंगरात गुडघा दुखला तर जेवढा आलास तेवढाच परत जायचा. बेटावर दर थोड्या अंतराने एखादा रस्ता सुटतो आणि शेवटी धक्क्यावर येतो. म्हणून तुम्ही दिवाडी बेट करा.

गाडी जुन्या गोव्यात ठेवा. व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्का. सकाळी सातच्या आत फेरीत चढा, नंतर मोटारींची गर्दी होते. पलीकडे उतरलात की दोन्ही बाजूंनी शेतं आणि मधून सरळ रस्ता. हा डांबरी आहे, पण इथे नवऱ्याचा गुडघा गरम होतो आणि मुलाचे गिअर बदलून संपतात. पुढे पियदादची टेकडी, माथ्यावर इगर्ज, म्हणजे चर्च. भावाला तीनदा वर-खाली करू दे. तुम्ही तोवर खाली चहा घ्या.

माती म्हणजे खाजनांचे, खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. नदीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून हे बांध. पाण्याच्या अंगाला जांभ्या दगडाचं पिचिंग, आतल्या अंगाला चिखलमाती, वर माणूस चालेल एवढी वाट. मधे मधे मानस असते, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने दारं आपसूक मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं. हात लावावा लागत नाही. पोरगं तिथे अर्धा तास बसेल, बसू दे. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो, म्हणून जाळं लावलेलं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही.

आता सायकलीचं. डिसेंबरात भात कापून झालेलं असतं, बांध वाळून टणक. पण पहाटेच्या दवाने वरची पापुद्र्यासारखी माती निसरडी होते, म्हणून बांधावर आठच्या आत चढू नये. निघायच्या आधी पंचांग बघ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती बांधाच्या अगदी काठाला येते, कुठे झिरपतेही. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी शहाणं असतं. ओल्या डागडुजीच्या जागी चाक घालायचं नाही. तो बांध कुणाच्या तरी वर्षाच्या भाताची राखण करतो, तुझ्या टायरची खाच तिथे पाण्याला वाट देते. समोरून डोक्यावर भारा घेतलेलं माणूस आलं तर तू खाली उतर, ते नाही.

एक गोष्ट सांगतो. तीन वर्षांमागे मुलाचे पाच मित्र घेऊन गेलो होतो. दोन पट्टीचे, दोन बरे, एक जन्मात पहिल्यांदा मातीत. पट्टीच्यांतला एक पुढे निघाला, त्याला म्हटलं, मानशीवर उतर रे. तो उतरला नाही. मानशीवरच्या फळ्यांतली एक मधूनच सुटलेली होती, पुढचं चाक तिच्यात, आणि गडी थेट चिखलात, कमरेपर्यंत. मागून सगळ्यात कच्चा पोरगा सायकल हातात धरून चालत आला आणि त्यानेच बांबू दिला. त्या दिवसापासून माझा नेम असा, की बांधावर सर्वांत पुढे कच्चा आणि सर्वांत मागे पट्टीचा. पुढच्याच्या वेगाने सगळे जातात, आणि मागच्याला पंक्चर काढता येतं.

सत्तरीचा चढ

मास्तर, मान आहे, पण त्या भावाला बांधावर कंटाळ्याने नका मारू. खाणींचे रस्ते आम्ही उगाच सुचवत नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, तेव्हा डिचोली-साखळीकडे लाल मुरुमाचे असे रुंद रस्ते आम्हाला फुकटात मिळाले, ते पुण्यात पैसे देऊन मिळायचे नाहीत. मात्र तेव्हाचं आता नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि त्यानंतर काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झालंय. फाटकाला कुलूप असेल तर बाजूने घुसू नका. आत कडा नसलेले खड्डे आहेत, पाणी भरलेले, आणि ट्रक सुरू असेल तर धुळीत पुढचा माणूस दिसत नाही. मुलाला घेऊन तर नाहीच.

मोलेबद्दल मास्तरांशी सहमत. कुळेहून दूधसागरला जाणारी वाट फोटोत भारी दिसते. प्रत्यक्षात जीपची रांग, ओढे ओलांडायचे आणि तोंडात लाल पीठ. रूळांवरून जायचं तर मनातही आणू नका. अभयारण्यात कुठेही वनखात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय चाक घालू नये. नेत्रावळी मला जास्त आवडते, पण तिथले चढ गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला दाखवू नका.

चोडणकार मास्तर

भावाची सोय करतो, थांब. बांधापाशी त्याला सोडा. त्याने दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नार्व्याची फेरी धरावी. पलीकडे सप्तकोटेश्वराचं देऊळ. मूळ देव दिवाडीचा. पोर्तुगिजांनी देऊळ मोडलं, लोकांनी देव पलीकडे नेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी देऊळ पुन्हा उभं केलं. म्हणजे देव गेला त्याच वाटेने हा जाईल. तिथून डोंगराळ बाजूने मये, मयेहून उतरून चोडण, चोडणहून रायबंदरची फेरी, आणि नदीकाठाने परत जुनं गोवं. बेटावरच्या सपाटीला कंटाळलेला माणूस त्या चढांवर घामाघूम होतो. तुम्ही बांध करून परत फिरलात की सगळे एकाच ठिकाणी, एकाच सुमाराला.

तिसवाडीची नर्स

माझ्याकडून दोन गोष्टी, पुरुष मंडळी विसरतात. बांधावर आडोसा नाही, त्यामुळे धक्क्यावरच काय ते उरकून घ्या. आणि वाट चुकलात तर पदेराला विचारा. सकाळी पों-पों करत पाव वाटत फिरतो, त्याला प्रत्येक वळण आणि प्रत्येक कुत्रा ठाऊक. जाड चाकांची काळी सायकल, मागे भलीमोठी टोपली, गिअर एकही नाही, आणि आपण मेलो तरी त्याला गाठणार नाही.

ताई, हवेचं बघा. डांबरावरच्या हवेनिशी गेलात तर जांभ्याच्या खड्यांवर दात वाजतात. मी साठ किलोची, ४० च्या टायरला ३५ पीएसआय भरते. मुलाची टायर अंगठ्याने जरा दबेल एवढी ठेवा. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा आणि चेनला तेल द्या. खाजनातला चिखल खारा असतो, माझी पहिली चेन एका पावसाळ्यात तांबडी झाली.

म्हापसेकरीण

सगळ्यांचे आभार. भावाला नकाशा पाठवला, खूश आहे. मुलाने विचारलंय की मगरी आहेत का. मी नाही म्हणून सांगितलं, पण खरं काय?

चोडणकार मास्तर

खोटं सांगितलंस. कुंभारजुव्याच्या खाडीत आहेत, आणि पलीकडच्या बांधांवर ऊन खात पडलेल्या दिसतात. माणसाची चाहूल लागली की पाण्यात जातात. फक्त पाण्यात पाय सोडून बसायचं नाही आणि त्या कडेला एकटं थांबायचं नाही. त्याला खरं सांग, तो जास्त शहाण्यासारखा वागेल.

आणि तिथी बघितलीस का? मी बघितली, तुझ्या त्या आठवड्यात निदान दोन सकाळी भांगाच्या आहेत. नक्की कुठल्या दिवशी ते ठरलं की इथे लिही. मीही बांधावर येईन, मानशीची ती फळी कुणी बसवली की नाही ते बघायचंच आहे.