बाबांच्या नावाने लंडन-ब्रायटन सायकल राइड : कुणी केली आहे का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी लंडनमध्ये क्रॉयडनला असते. जानेवारीत बाबा गेले, हार्ट अटॅकने. मी सांगलीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या हृदयविकारावर काम करणाऱ्या संस्थेची, देणग्या जमवायची जूनमधली लंडन-ब्रायटन राइड त्यांच्या नावाने करायचं मनात आहे. 54 मैल, म्हणजे जवळजवळ 87 किलोमीटर. बाबा साखर कारखान्यात होते, रिटायर होईपर्यंत ड्यूटीला सायकलनेच गेले. पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून मोहरीला लावायची त्यांची पत्र्याची क्लिप मी येताना उचलून आणली आहे. गंज चढलाय, पण अजून घट्ट बसते.

माझी सायकल साधी हायब्रिड. डिचलिंग बीकनचा चढ झेपेल का? आणि खरी अडचण पुढे आहे. लोकांकडे पैसे मागायचे कसे? आई फोनवर म्हणाली, "त्यांनी उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, आणि तू त्यांच्या नावाने पसरणार?" मला काही बोलता आलं नाही.

चेन_पडली
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. मला चढाचंच कळतं, तेवढं सांगतो. डिचलिंग साधारण दीड किलोमीटरचा आहे, सरासरी नऊ टक्के, आणि तो येतो शेवटच्या टप्प्यात, पायांचं पिठलं झाल्यावर. अर्धी जनता उतरून ढकलत असते, लाज कसली! मागच्या चाकाच्या कॅसेटमधली (दातेरी चकत्यांचा संच) सगळ्यात मोठी चकती 32 किंवा 34 दात्यांची आहे का ते बघा, नसेल तर दुकानातून बदलून घ्या. पॅडवाली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काही घालू नका. हे कुणी आधी सांगत नाही.

लेस्टरची_काकू
अगं, लहानपणी पावतीपुस्तक घेऊन गणपतीची वर्गणी मागितलीस ना दारोदार? तेव्हा कुठे हात पसरला होतास? आईला असंच सांग. फंडरेझिंग पेजवर पहिली रक्कम स्वतःची टाक, कारण लोक आधीचे आकडे बघून देतात. फॅमिली ग्रुपवर ढकलून मोकळी होऊ नकोस, एकेकाला वेगळा मेसेज कर. दुःखाचे परिच्छेद नकोत, त्या क्लिपचा फोटो टाक आणि खाली दोन ओळी. इथे टॅक्स भरणाऱ्यांना गिफ्ट एडवर टिक करायला सांग, 20 पौंडांवर संस्थेला सरकारकडून आणखी 5 मिळतात. आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचा धोका जास्त असतो, त्यामुळे ऑफिसातल्या देसी मंडळींना फार समजावावं लागणार नाही.

कृष्णाकाठची
काकू, वर्गणीचं आईला सांगितलं. गप्प बसली. संध्याकाळी तिचाच फोन, "माझे पाचशे एक घेशील का?" सांगलीहून दिले तर गिफ्ट एड लागेल?

लेस्टरची_काकू
नाही, इथला टॅक्स भरलेला हवा. आणि भारतात देणगीवरची इन्कम टॅक्सची सूटही परदेशी संस्थेला दिल्यावर मिळत नाही. तिच्याकडून रोख घेऊन पेजवर तिच्या नावाने टाकू नकोस हं, तुझ्या नावाने गिफ्ट एड लावून तर मुळीच नाही, ते नियमात बसत नाही. त्यापेक्षा तिचे पाचशे एक तिथल्याच एखाद्या धर्मादाय दवाखान्याला जाऊ देत.

चेन_पडली
एक राहिलं. राइडच्या दिवशी ब्रायटनच्या ट्रेनमध्ये घडीची सोडून दुसरी सायकल घेत नाहीत. परतीचं आत्ताच ठरवा, नाहीतर राइड संपते तिथे, मॅडेरा ड्राइव्हवर, मेडल गळ्यात घालून नवऱ्याला फोन करत बसाल.