धंद्याला नाव ठेवताना काय काय झालं? अनुभव लिहा

आज माळा आवरताना लेबलांचा गठ्ठा सापडला. 2019 मध्ये दोन हजार छापली होती, दीड हजार तरी तशीच आहेत. मसाल्याला सासूबाईंचं नाव दिलं होतं. शॉप अ‍ॅक्टचा, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याचा, फॉर्म ऑनलाइन भरला, कामाला दहापेक्षा कमी माणसं म्हणून नोंदणी नाही, नुसती सूचना द्यायची होती, पावतीवर नाव आलं. मला वाटलं, झालं, नाव आपलं! सात महिन्यांनी वकिलाचं पत्र. त्याच नावाचा ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा नोंदलेला हक्क, दुसऱ्याकडे, तोही मसाल्यांसाठीच. सासूबाई म्हणाल्या, "माझं नाव मलाच वापरता येत नाही होय?" तुमचंही येऊ द्या.

पोळपाट_लाटणं: अगं बाई! मग आता काय नाव आहे?

हिशेबनीस: शॉप अ‍ॅक्टच्या पावतीने नावावर हक्क मिळत नाही, उद्यमनेही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नाही. निम्मी गिऱ्हाइकं इथेच फसतात. ट्रेडमार्कच्या साइटवर शोध फुकट असतो, छपाईच्या आधी करा. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेत: मसाले, पिठं वर्ग 30 मध्ये, पण लोणचं 29 मध्ये. दोन्ही करत असाल तर फी दोनदा, व्यक्तीला ऑनलाइन दर वर्गाला 4500.

बाणेरकर: लोणच्याला वेगळा वर्ग 😂 आमच्या शाळेत पण होता, 'ड' तुकडी.

नुसतीचवाचक: माझ्या धंद्याच्या नावातलं 'स्वाद' इंग्रजीत उद्यमवर एका ए ने, शॉप अ‍ॅक्टवर दोन ए ने. बँकेने करंट खातं उघडायला तीन चकरा मारायला लावल्या. चूक माझीच, रात्री बाळाला मांडीवर घेऊन फॉर्म भरला होता.

पोळपाट_लाटणं: @नुसतीचवाचक बाळ केवढं झालं?

नुसतीचवाचक: शाळेत जातंय. स्वतःच्या नावाचं स्पेलिंग चुकवतं 🙈

सांगलीचा_हळद्या: आम्हा भावांची प्रायव्हेट लिमिटेड. एका अर्जात दोनच नावं देता येतात. पहिली दोन्ही गेली, 'आधीच्या कंपनीशी साधर्म्य'. परत हजार रुपये. तिसऱ्यांदा वैतागून आजोळच्या गावाचं नाव आणि पुढे अ‍ॅग्रो लावलं, लगेच मंजूर. मग 20 दिवसांत बाकीचे कागद द्यायचे, त्यात धाकट्याची डिजिटल सही होईना. त्या 20 दिवसांत आमचं जेवढं भांडण झालं तेवढं वाटणीत झालं नाही.

गडवाट: मला ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानाला महाराजांचं नाव द्यायचं होतं. 1950 च्या कायद्यात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव धंद्यासाठी वापरायला मनाई आहे, हे तेव्हा कळलं. राग आला होता. नंतर एका ढाब्याच्या पाटीवर पाहिलं, खाली चिकन थाळीचा दर. कायदा बरोबर आहे.

बाणेरकर: पाटीवरून आठवलं, आमच्या पेंटरने 'गृहउद्योग'चं 'ग्रहउद्योग' केलं. शेजारचे गुरुजी कुंडली घेऊन आले.

पोळपाट_लाटणं: 🤣🤣 कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या माझ्या

हिशेबनीस: पाटी मराठीत हवीच बरं, 2022 पासून छोट्या दुकानांनाही.

धागाकर्ती: @पोळपाट_लाटणं, आता आमच्या वाडीचं नाव आहे. या वेळी शोधून, अर्ज करून मगच छापलं. सासूबाई अजून जुनंच म्हणतात.

विदर्भकन्या: ताई, ते सगळं राहू द्या, गोडा मसाला नागपूरला पाठवता का?

धागाकर्ती: पाठवते की. दगडफूल महागलंय, अर्धा किलोच्या खाली परवडत नाही. पाकिटावर जुन्या लेबलाची कोरी बाजू दिसली तर समजून घ्या.